पुड्या त्याच्या, पाणी आमचं

परवा आमच्या कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात निळ्या बाटलीत चांदीचं पाणी विकायला ठेवलेलं दिसलं आणि माझं डोकं फिरलं. पंच्याहत्तरीनंतर डोकं फिरवून घेऊ नये, असं डॉक्टर सांगतात. पण काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "घ्या ना आजी, ताकद येते. आता लोक घरीसुद्धा बनवतात. रोज दोन झाकणं, अंदाजे."

चांदी पिऊन ताकदबिकद काही येत नाही, उलट अंगाला बाधते, हे मी त्याला तिथल्या तिथे सुनावलं. तो हसला. म्हाताऱ्या बायकांना हसून वाटेला लावायचं, हे या मुलांना कोण शिकवतं कोण जाणे. पण खरं सांगायचं तर माझा संताप त्या बाटलीवर कमी आणि त्याच्या शेवटच्या शब्दावर जास्त होता. अंदाजे! हा शब्द शिरूरच्या आमच्या शाळेत साळवेमामांसमोर तोंडातून काढायची कुणाची छाती नव्हती. मुलांची नाही, माझी नाही आणि हेडमास्तरांचीही नाही.

लक्ष्मण साळवे आमच्या प्रयोगशाळेतले शिपाई. हजेरीपटावर "प्रयोगशाळा परिचर" असा भारदस्त शब्द होता, पण तो हजेरीपटाबाहेर कधी आला नाही. बाहेर सगळे "ए साळवे" म्हणत. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान असलेला क्लार्कही पन्नाशीच्या त्या माणसाला अरे-तुरे करी. मुलं तेवढी मामा म्हणत, कारण मुलांना अजून शिरूरची रीत पुरती कळलेली नव्हती. मी तेवीस वर्षांची, पुण्याहून आलेली, वर्षभराच्या कच्च्या नेमणुकीवरची विज्ञानाची बाई. मी त्यांना नुसतं "साळवे" म्हणे आणि अहो-जाहो करते म्हणून स्वतःला फार सुधारलेली समजे. मामा म्हणायला लागले ते खूप उशिरा. कशामुळे, ते पुढे येईलच.

मूळचे कवठे येमाईचे. शिक्षण नववी, तेही अर्धवट. अंगात खाकी शर्ट, खिशाला दोन पेन्सिली, आणि काखेत एक शंभरपानी वही. ती वही शाळेच्या रजिस्टरापेक्षा वेगळी, त्यांची स्वतःची. प्रयोगशाळेत काय किती घेतलं, कशात घातलं, काय झालं, हे ते रोज त्यात लिहीत. अक्षर एवढं टपोरं आणि सरळ की मला माझ्या फळ्यावरच्या अक्षराची लाज वाटे. तराजू काढायच्या आधी ते खिडकी लावत, पंखा बंद करत, मुलांना दोन हात मागे सरकवत आणि मग मान एका बाजूला वळवून श्वास सोडत. "तराजूवर फुंकर गेली तर ती बी मापात धरावी लागंल," म्हणत. पोरं हसत. त्यांना त्याचं काही नसे.

"अंदाज पावसाचा करावा, मापाचा न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा हेडमास्तर चहा पिता पिता म्हणाले, "साळवे, मोरचूद दे रे थोडं, अंदाजे मूठभर." साळव्यांनी शांतपणे विचारलं, "सर, कुणाची मूठ? तुमची का माझी?" हेडमास्तर मोरचुदाशिवायच परत गेले.

या मापाच्या वेडापायी घरी त्यांची रोज खरडपट्टी निघे. मी एकदा त्यांच्या घरी गेले होते. सोनाबाई भाकऱ्या थापत होत्या. मला म्हणाल्या, "बाई, ह्यास्नी सांगा जरा. माझ्या परातीत तराजू घेऊन बसत्यात."

"दहा दिस बसलो," साळवे म्हणाले. "रोज तिच्या हातचा गोळा तोलला. दहा दिसांत गव्हाच्या दाण्याएवढाबी फरक न्हाई."

"मंग? मी काय सांगत हुते? पीठ हाताला कळतं."

"कळतं. पर तोललं तवाच मला कळलं की तुला कळतं."

सोनाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि मला म्हणाल्या, "ह्या माणसाबरोबर तीस वरसं काढलीत बघा."

आता चांदीचं. चांदीचं मीठ म्हणजे सिल्व्हर नायट्रेट. प्रयोगशाळेतली सगळ्यांत महाग बाटली, काळी, कुलपातली. ते पाण्यात विरघळवून त्यात बेताने दुसरा एखादा पदार्थ घातला की मिठात अडकलेली चांदी सुटी होते. इतकी बारीक, की ती पाण्यात तरंगत राहते आणि पाणी सोनेरी दिसतं. या दुसऱ्या पदार्थाला पुस्तकात क्षपणक म्हणतात. साळवे त्याला "सोडवणारा" म्हणत. पुस्तकात सांगितलेला सोडवणारा आमच्याकडे नव्हता. मागणी केली की संस्थेकडून उत्तर येई, पुढच्या वर्षी बघू. मी गप्प बसले असते. साळव्यांनी बाजारातून हिरडा आणला.

हिरड्यात तुरटपणा असतो, आणि तो तुरटपणाच चांदी सोडवतो. पण एका पोत्यातला हिरडा दुसऱ्यासारखा नसतो. मी पहिल्या दिवशी मोठ्या उत्साहाने चमचाभर काढा ओतला आणि नळीत काळा गाळ झाला. पुन्हा केलं, पुन्हा गाळ. साळवे मागे उभे राहून बघत होते. मी वैतागून म्हटलं, "तुमचा हिरडाच खराब आहे."

"हिरडा चांगला हाय, बाई. तुम्ही त्याला इचारलंच न्हाई, तुझी ताकद किती म्हणून."

मग त्यांनी पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर ओळीने सहा नळ्या मांडल्या. पहिलीत काढ्याचा एक थेंब, दुसरीत दोन, असं सहापर्यंत. पोत्यातला हिरडा बदलला की ही सहा नळ्यांची परीक्षा नव्याने. चौथी नळी मधासारखी पिवळी आणि स्वच्छ राहिली, पाचवीपासून मळकट. त्यांनी वहीत "चार" लिहिलं आणि खाली रेघ मारली. त्याहूनही कडक परीक्षा पाण्याची. नळाचं किंवा विहिरीचं पाणी चालायचं नाही, कारण त्यातला खारटपणा चांदीला आधीच धरून ठेवतो. त्यांचा मेव्हणा दौंडला रेल्वेत बॅटऱ्या सांभाळायच्या कामावर होता. बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी तो परवानगी काढून कॅनमधून देई. ते पाणीही साळवे आल्या आल्या तपासत. सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकायचा. पाणी दुधाळलं तर म्हणत, "हे पाणी खोटं बोलतंय," आणि ते झाडांना.

त्या वर्षी विज्ञान प्रदर्शन दौंडला होतं. सोनेरी पाण्याची बाटली साळव्यांनी एस.टी.त सबंध वाटभर मांडीवर धरली, वर पंचा गुंडाळून. दौंडच्या शाळेत काळ्या खोक्यात ती ठेवली आणि बाजूने बॅटरीचा झोत सोडला. साध्या पाण्यातून झोत जाताना दिसत नाही. या पाण्यात तो आरपार उजळून दिसला, छपराच्या फटीतून घरात ऊन उतरावं तसा. पोरांची रांग लागली.

परीक्षक आले. हेडमास्तर पुढे होऊन म्हणाले, "हे आमच्या कुलकर्णी बाईंनी केलंय."

मी नाही म्हणाले नाही. परीक्षकांनी विचारलं, "हिरड्याचं प्रमाण कसं ठरवलंत?" मी पुस्तकातलं काहीतरी बोलायला लागले आणि अडखळले. बॅटरी धरून उभे असलेले साळवे मागून म्हणाले, "सहा नळ्या लावून, सर. दर पोत्याला येगळं येतं."

परीक्षक म्हणाले, "तुम्हाला विचारलेलं नाही."

प्रमाणपत्र माझ्या नावाचं निघालं. अजून माझ्या कपाटात आहे. फेकून द्यायला पाहिजे होतं, दिलं नाही. परतीच्या गाडीत मी उगाच म्हटलं, "साळवे, खरं तर तुमचं नाव..." त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "नावाचं जाऊ द्या. त्या सायबांनी लिवून घेतलं तवा तुम्ही सहा थेंब सांगितलं. चार हाय ते. तेवढं पत्र टाकून दुरुस्त करा." मी ते पत्रही टाकलं नाही.

प्रदर्शनाला संस्थेचे चेअरमन आले होते. आण्णासाहेब. शिरूरमध्ये बंगला, मळा, ट्रक, आणि शाळेच्या प्रत्येक नेमणुकीवर सही. त्यांच्या आईचं तोंड सारखं येई. कुणीतरी त्यांच्या कानात भरवलं होतं की चांदीचं पाणी घेतलं की तोंडातली उष्णता जाते. आठ दिवसांनी निरोप आला, ते दौंडचं पाणी घरी करून पाहिजे.

साळवे साफ नाही म्हणाले. "हे झोतात बघायचं पाणी हाय, प्यायचं न्हाई. म्हातारीला डॉक्टरकडं न्या."

हेडमास्तरांनी मला बोलावलं. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुमची नेमणूक मार्चला कायम व्हायची आहे ना?" एवढंच. धमकी म्हणावी तर धमकीही नाही. मी प्रयोगशाळेत आले आणि साळव्यांना म्हटलं, "माझ्यासाठी करा."

त्यांनी तराजूची पितळी पारडी पुसून जागेवर ठेवली. मग म्हणाले, "करतो. पर हितं करतो, माझ्या डोळ्यादेखत. काचेत, दौंडच्या पाण्यात. आन् बाटली आधी डॉक्टरला दावायची, त्यो नगं म्हणाला तर वतून द्यायची. कबूल?"

मी कबूल म्हटलं. तेवढ्यात आण्णासाहेबांचा माणूस, केरबा, दारात येऊन उभा राहिला. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तसं न्हाई जमायचं. पुड्या त्याच्या, पाणी आमचं. आण्णांनी तसंच सांगितलंय."

साळव्यांनी विचारलं, "आन् हितलं पाणी का न्हाई?"

केरबा छताच्या पंख्याकडे बघायला लागला. मीही बघायला लागले. पंखा बंद होता.

शाळेत कुणी तसा नियम लिहून लावलेला नव्हता. पण शिक्षकांच्या खोलीतल्या माठाला साळवे हात लावत नसत, आणि त्यांनी का लावला नाही असं कुणी विचारत नसे. बाहेरच्या नळाखाली ओंजळ धरून पीत. मी हे शाळेत आल्यापासून पाहत होते. त्याच माणसाने दौंडहून आणलेल्या पाण्यात केलेल्या सोनेरी बाटलीपुढे याच आण्णासाहेबांनी भाषण ठोकलं होतं. त्याच्या हातच्या पुड्या चालत होत्या, त्याचं डोकं चालत होतं, फक्त त्याच्या हातचं पाणी घशाखाली उतरत नव्हतं. आज हे मी लिहितेय. त्या दिवशी मात्र मी फक्त एवढंच म्हटलं, "द्या हो पुड्या. वाद नको."

त्यांनी पुड्या केल्या. चांदीची काळ्या कागदात, हिरड्याच्या भुकटीची पांढऱ्या. प्रत्येकीवर टपोऱ्या अक्षरात लिहिलं: पिण्यासाठी नाही. काचेचे भांडे. फक्त बॅटरीचे शुद्ध पाणी. कॅनमधलं पाणी एका सीलबंद बाटलीतही भरून दिलं. केरबाने पुड्या उचलल्या, बाटली टेबलावर तशीच ठेवली आणि गेला. साळव्यांनी शाळेचं रजिस्टर पुढे केलं. सिल्व्हर नायट्रेट बाहेर गेलं की घेणाऱ्याची सही, हा त्यांचा नियम. पुड्यांवरचा मजकूर त्यांनी जसाच्या तसा रजिस्टरात उतरवला होता. खाली मी सही केली.

बंगल्यावर काय झालं ते नंतर कळलं. पुड्यांचे कागद चुलीत गेले. पुड्या तांब्याच्या तांब्यात पडल्या, वरून मळ्यातल्या विहिरीचं पाणी, कारण तांब्याचं भांडं पवित्र आणि विहीर घरची. ती विहीर बाहत्तरच्या दुष्काळानंतर खोल गेलेली, पाणी मचूळ. रात्रभर ठेवून सकाळी म्हातारीला पाजलं. तासाभरात उलट्या सुरू झाल्या. ओठांच्या कोपऱ्यांना आणि जिभेला काळे डाग पडले. डॉक्टर आला, दोन दिवसांनी म्हातारी उठून बसली. पण तोवर शिरूरभर झालं होतं की साळव्याने चेअरमनच्या आईला विष घातलं.

आण्णासाहेब शाळेत आले. बैठक प्रयोगशाळेतच झाली, कारण साळव्यांनी तसा हट्ट धरला. हेडमास्तर, आण्णासाहेब, केरबा आणि मी. साळव्यांचा खाकी शर्ट इस्त्रीचा होता. टेबलावर त्यांनी काचेचे तीन पेले मांडले होते. केरबाकडून सकाळीच मळ्यातल्या विहिरीचं पाणी मागवून घेतलं होतं.

"काय घातलंस बोल," आण्णासाहेब म्हणाले.

"दावतो," साळवे म्हणाले.

त्यांनी खिडकी लावली, पंखा बंद केला. तीनही पेल्यांत तेवढंच सिल्व्हर नायट्रेट, तोलून. मान वळवून श्वास सोडला, नेहमीसारखा. पहिल्यात दौंडचं पाणी. ते स्वच्छ राहिलं, हिरडा पडल्यावर हळूहळू पिवळं झालं. दुसऱ्यात विहिरीचं पाणी. ते ओतल्या ओतल्या नासलेल्या दुधासारखं फुटलं. तिसऱ्यात दौंडचं पाणी आणि तांब्याची तार. आम्ही बघत असताना तारेवर करडी लव चढत गेली आणि घटकाभराने पाण्याला निळी झाक आली.

"हे तांबं पाण्यात उतरलं," त्यांनी तिसऱ्या पेल्याकडे बोट केलं. "त्यानं उलट्या झाल्या. आन् ओठ काळं झालं ते न सुटलेल्या चांदीनं. मी दिलेलं माप बरोबर व्हतं. आन् पिऊ नका म्हणून लिवलंबी व्हतं."

"म्हणजे आमची विहीर वाईट?" आण्णासाहेबांचा आवाज चढला.

"इहीर वाईट न्हाई, आण्णा. शेताला चांगली हाय. मी येवढंच इचारतो, मी बाटलीत पाणी भरून दिलं व्हतं. ती बाटली अजून त्या फळीवर हाय. ती का नेली न्हाई?"

 केरबाने मान खाली घातली. त्याला उत्तर माहीत होतं, आण्णासाहेबांना माहीत होतं, हेडमास्तरांना माहीत होतं. पेल्यांतलं शास्त्र एकाच्याही डोक्यावरून गेलं नव्हतं. ते पटलं असं म्हटलं की बाटली का नेली नाही हे सांगावं लागणार होतं, आणि ते तोंडाने उच्चारायला चौघांपैकी कुणी तयार नव्हतं. मनात पाळायला काही वाटत नाही, म्हणायला मात्र लाज वाटते. असली लाज काय कामाची?

हेडमास्तर माझ्याकडे वळले. "कुलकर्णी बाई, पुड्या तुमच्यासमोर दिल्या. याने पिऊ नका असं सांगितलं होतं? लिहिलं होतं?"

रजिस्टर त्यांच्या कपाटात होतं. आदल्या दिवशीच त्यांनी ते मागवून घेतलं होतं. माझी सही त्यात होती. मी फक्त "हो, रजिस्टर उघडा" म्हणायचं होतं. मार्चला पंधरा दिवस होते.

मी म्हटलं, "मला नीट आठवत नाही."

साळव्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात. तराजूचा काटा कुठे थांबतो हे बघताना ते असेच बघत. मग त्यांनी तीनही पेले एकेक करून मोरीत ओतले, धुतले, पालथे घातले आणि वहीत लिहायला बसले. आण्णासाहेब आणि हेडमास्तर आपसात बोलत होते. ते लिहीत राहिले.

पोलिसात द्यायचं नाही, घरचं प्रकरण घरात, असा मोठेपणा आण्णासाहेबांनी दाखवला. साळव्यांना प्रयोगशाळेतून काढलं. घंटा देणं, मैदान झाडणं आणि झाडांना पाणी घालणं, हे काम मिळालं. झाडांना त्यांच्या हातचं पाणी चालत होतं. प्रयोगशाळेची किल्ली क्लार्कच्या भावाकडे गेली. त्याने पहिल्याच महिन्यात सिल्व्हर नायट्रेटची बाटली उन्हात ठेवली आणि ती काळी पडली. नवी मागवली. आली ती, लगेच.

माझी नेमणूक कायम झाली.

पुढे तीन वर्षं मी त्यांना रोज पाहत होते. घंटा ते घड्याळाच्या काट्यावर देत. एकदा हेडमास्तरांनी पाहुण्यांसाठी तास पाच मिनिटं लांबवायला सांगितलं, तर म्हणाले, "मग घड्याळ पाच मिनटं मागं घ्या, सर. मी खोटी घंटा देत न्हाई." झाडांना पाणी घालायचा डबा ठरलेला होता. कडुलिंबाला दोन, जास्वंदीला एक. माझ्याशी ते बोलत. "बाई, खुर्चीचा पाय हलतोय, वर्गातला पंखा तेल मागतोय," एवढंच. त्या गोष्टीचा शब्द नाही. मी मामा म्हणायला लागले ते याच वर्षांत. त्यांनी ते ऐकलं आणि त्यावर काही म्हटलं नाही. मला वाटायचं, त्यांनी माफ केलं. दुसऱ्याच्या गप्प बसण्याचा आपण आपल्या सोयीने किती स्वस्त अर्थ लावतो.

मग माझं लग्न ठरलं, पुण्याच्या शाळेत जागा मिळाली. शिरूर सोडायच्या दिवशी मी सकाळच्या गाडीसाठी स्टँडवर ट्रंकेवर बसले होते. साळवेमामा आले. खाकी शर्ट, काखेत वही, आणि पंच्यात गुंडाळलेली एक बाटली. बाटली त्यांनी उन्हात धरली. तीच, दौंडच्या प्रदर्शनातली. पाणी अजून तसंच पिवळं, स्वच्छ. तळाला कण नाही.

"माप बरोबर असलं की बसत न्हाई," ते म्हणाले. "तुम्हाला दावायची व्हती."

मला वाटलं, ती मला देणार. मी हात पुढे केला. त्यांनी बाटली पुन्हा पंच्यात गुंडाळली आणि काखेतली वही उघडून माझ्यापुढे धरली. बैठकीच्या दिवसाचं पान. तीन पेले, कशात कुठलं पाणी, काय झालं ते ओळीने. त्याखाली: पुड्यांवर सूचना लिहिली होती. बाटली नेली नाही. आणि अगदी तळाला: साक्षीदार, पुढे रिकामी रेघ. तीन वर्षं रिकामी.

"आता काय उपयोग, मामा?" मी म्हटलं. 

"उपयोग न्हाई. पर नोंद अर्धी ऱ्हायलीय."

गाडी फलाटाला लागली होती. कंडक्टर ट्रंक टपावर चढवायला हमालाला हाका मारत होता. मामांनी खिशातली पेन्सिल काढली, मग परत ठेवली आणि दुसऱ्या खिशातून शाईचं पेन काढून दिलं. ते पेन माझ्यासाठी मुद्दाम आणलेलं असणार. मी रेघेवर सही केली आणि त्याखाली त्या दिवसाची, बैठकीची, तारीख लिहायला लागले.

त्यांनी वहीवर तळवा ठेवला.

"न्हाई बाई. तारीख आजची घाला."